वजन ९८ किलो आणि समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब : सोलापूरच्या माणसाला सर्फिंग जमेल का?

सोलापूरची नवी पेठ. संध्याकाळची वेळ, कपड्यांच्या दुकानांपुढे गाड्यांची दाटी, रस्त्यातून वाट काढणारी गर्दी. समजा, यातल्याच एका दुकानात गल्ल्यावर बसणारा पस्तिशीतला एक माणूस आहे. सकाळी दहाला बसला की रात्री नऊला उठतो. वजन ९८ किलो. दोन जिने चढला की दम लागतो. गिऱ्हाईक नसताना तो मोबाईल चाळतो आणि त्याला गोव्याचं एक रील दिसतं. कुणीतरी लाटेवर उभं राहून सरळ किनाऱ्याकडे येतंय.

तो शेजारच्या दुकानातल्या मित्राला ते दाखवतो. मित्र म्हणतो, "का बे, तू चढलास तर फळीच बुडंल की!" दोघंही हसतात. आपला माणूस सगळ्यांत मोठ्याने हसतो आणि मनात ठरवतो, आधी पंधरा किलो कमी करू, मग बघू.

हे "मग बघू" बहुतेकांच्या आयुष्यात कधीच येत नाही. आणि असा तो एकटा नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आहे. म्हणजे साधारण दर चार जणांमागे एक. इतके सगळे लोक बारीक होईपर्यंत किनाऱ्यावर बसून फक्त बॅगा सांभाळणार का?

तर विषय असा आहे, की जास्त वजनाच्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला सर्फिंग शिकता येतं. पण कसं, कुठे आणि कोणत्या काळजीने, हे आधी समजून घ्यायला लागतं. कारण खरी अडचण वजनामुळे कमी आणि चुकीच्या बोर्डामुळे, चुकीच्या किनाऱ्यामुळे जास्त येते.

सर्फिंग बारीक लोकांचा खेळ कधी झाला?

सर्फिंग म्हटलं की डोळ्यांपुढे सपाट पोटाचा, उन्हात रापलेला तरुण येतो. पण हा खेळ ज्या हवाई बेटांवर वाढला, तिथे चित्र वेगळं होतं.

एकोणिसाव्या शतकात हवाईमध्ये अब्नेर पाकी नावाचे एक मोठे सरदार होऊन गेले. त्यांची उंची ६ फूट ४ इंच आणि वजन ३०० पौंड, म्हणजे साधारण १३६ किलो असल्याचं सांगितलं जातं. हे पाकी सर्फिंग करायचे. त्यांचे लाकडी बोर्ड होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. चौदा फुटांहून लांब आणि उचलायलाच दोन-तीन माणसं लागावीत इतके जड. अशा लांबलचक बोर्डांना तिथे 'ओलो' म्हणायचे आणि ते सरदार घराण्यांचे मानले जायचे.

मग बदललं काय? बोर्ड बदलला. विसाव्या शतकात लाकडाच्या जागी फोम आणि फायबरग्लास आलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी बोर्ड एकदम आखूड झाले. आखूड बोर्ड चटकन वळतो, पण तो माणसाला फारसा तोलून धरत नाही. त्यामुळे हलकं आणि चपळ शरीर हीच सर्फरची ओळख बनली आणि जाहिराती, सिनेमे यांनी ती पक्की केली.

थोडक्यात, आधी बोर्ड बारीक झाला आणि त्याच्यामागून सर्फरचं चित्र बारीक झालं. शिकणाऱ्याला मात्र आजही मोठाच बोर्ड देतात. जड माणसाला त्याहून मोठा लागतो, इतकाच फरक.

फळी खरंच बुडेल का? हा घ्या हिशोब

नवी पेठेतल्या मित्राच्या टोमण्याचं उत्तर शाळेतल्या आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला पाण्याकडून मिळतो. एक लिटर समुद्राचं पाणी एक किलोपेक्षा किंचित जास्त भरतं. म्हणजे शंभर लिटर आकारमानाचा बोर्ड पूर्ण पाण्याखाली गेला, तर त्याचं स्वतःचं वजन धरून तो शंभर किलोहून थोडं जास्त ओझं पेलू शकतो.

म्हणून सर्फिंगच्या बोर्डाची लांबी जशी फुटांत सांगतात, तसं त्याचं आकारमान लिटरमध्ये सांगतात. शिकाऊ माणसासाठी एक ढोबळ आडाखा सोपा आहे : जितके किलो वजन, निदान तितके लिटर बोर्ड. आपल्या ९८ किलोच्या माणसाला शंभर लिटरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा बोर्ड हवा. ऑफिसात ठेवलेले वीस लिटरचे पाण्याचे पाच जार डोळ्यांपुढे आणा. तेवढी जागा व्यापणारा बोर्ड. लांबीला नऊ ते दहा फूट, रुंद आणि जाड. वरून मऊ फोमचा असलेला उत्तम, म्हणजे डोक्याला लागला तरी इजा कमी.

गंमत म्हणजे साठ किलोच्या माणसाला ज्या बोर्डावर आरामात शिकता येतं, त्याच बोर्डावर ९८ किलोच्या माणसाला झोपवलं तर बोर्ड अर्धवट पाण्याखाली जातो, पुढे सरकत नाही, लाट खालून निघून जाते. दहा वेळा असं झालं की माणूस म्हणतो, "आपलं वजनच जास्त आहे." खरं तर बोर्ड लहान होता.

आणखी एक गोष्ट जड माणसाच्या बाजूची आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते आणि स्नायू पाण्यापेक्षा जड. त्यामुळे अंगावर चरबी असलेल्या माणसाला पाण्यावर उताणं तरंगणं बऱ्याचदा किडकिडीत माणसापेक्षा सोपं जातं. जिन्यावर जे वजन त्रास देतं, ते पाण्यात थोडीफार मदत करतं.

मग अवघड नेमकं काय जातं?

इथे खोटा दिलासा देऊन उपयोग नाही. तीन गोष्टी जड जातात.

पहिली, हात मारणं. सर्फिंग म्हणजे लाटेवर उभं राहणं असं रीलमध्ये दिसतं. प्रत्यक्षात सर्फरचा पाण्यातला जवळपास अर्धा वेळ बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी कापण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा वेळ लाटेची वाट बघण्यात. लाटेवर उभं राहण्याचा एकूण वेळ दहा टक्क्यांच्याही आत असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे खांदे आणि पाठ इथे पहिल्या पंधरा मिनिटांत बोलायला लागतात.

दुसरी, उठणं. लाट बोर्डाला ढकलायला लागली की छातीपाशी हात टेकून एका झटक्यात दोन्ही पाय खाली घ्यायचे आणि उभं राहायचं. याला पॉप-अप म्हणतात. पोट मोठं असेल तर गुडघा पुढे यायला जागाच उरत नाही.

यावर उपाय आहे. उडी मारून उठायची सक्ती नाही. हात टेका, मागचा गुडघा बोर्डावर ठेवा, पुढचं पाऊल हातांच्या मध्ये आणा आणि मग उठा. काही प्रशिक्षकांना ही पद्धत आवडत नाही, कारण मोठ्या लाटेवर तेवढा वेळ मिळत नाही. पण शिकाऊ माणूस मोठ्या लाटेवर जाणारच नसतो. पहिल्या दिवशी नुसतं पालथं पडून किंवा गुडघ्यांवर बसून किनाऱ्यापर्यंत आलात, तरी लाट तुम्ही पकडलेलीच असते.

तिसरी, परत परत आत जाणं. कमरेएवढ्या पाण्यात लाटांच्या उलट दिशेने बोर्ड ओढत चालणं हाच मोठा व्यायाम आहे. दम इथेच लागतो. म्हणून दोन लाटा झाल्या की थांबायचं, दम खायचा, पाणी प्यायचं. दीड तासाच्या वर्गात तुम्ही पंधरा लाटा घेतल्या की सहा, हे कुणी मोजत नाही.

तयारी सोलापुरातच करायची

यासाठी महागडी जिम लागत नाही. आपल्याकडच्या तालमीत अंगाने भरलेले पैलवान जोर मारताना पाहिलेत का? जोर मारताना खांदे, छाती, दंड आणि कंबर जसे काम करतात, जवळपास तसेच ते बोर्डावरून उठताना करतात. भारी अंग आणि चपळाई एकत्र नांदू शकते, हे कुस्तीच्या मातीत वाढलेल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

सूर्यनमस्कार तर सर्फिंगसाठीच केल्यासारखा आहे. भुजंगासनात छाती वर आणि नजर समोर असते. बोर्डावर हात मारताना हीच स्थिती हवी. त्यानंतर अश्वसंचालनात एक पाय दोन्ही हातांच्या मध्ये येतो. पॉप-अपमधलं पुढचं पाऊल ते हेच. पाय एकदम पुढे येत नसेल तर हाताने घोटा धरून पुढे आणा. काही आठवड्यांत फरक पडतो.

सहा ते आठ आठवडे हाती असतील तर एवढं पुरे :

- रोज अर्धा तास भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने.
- आठवड्यातून तीन दिवस भिंतीला हात टेकून जोर, मग ओट्याला, मग जमिनीवर गुडघे टेकून.
- रोज जमेल तितके सूर्यनमस्कार. तीनने सुरुवात केली तरी चालेल.
- जमिनीवर बसून जेवणं आणि कमीत कमी आधार घेत उठणं. पंगतीत बसणाऱ्या पिढीला हा व्यायाम फुकट मिळायचा.
- आठवड्यातून दोन-तीनदा पोहणं.

यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. न पोहणाऱ्यांनाही कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात, हे खरं. पण पोहता येत नसेल तर पडल्यावर माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाचा दम निम्म्या वेळात संपतो. न थांबता शंभर मीटर पोहणं आणि दोन मिनिटं उताणं तरंगणं, हे दोन टप्पे जलतरण तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली गाठा. हिप्परग्याच्या तलावात किंवा शेतातल्या विहिरीत एकट्याने सराव करायला जाऊ नका.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, दमा किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "समुद्रात दीड तास दमछाक होणारा व्यायाम करायचाय, चालेल का?" मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना मेहनतीने साखर अचानक उतरण्याचा धोका असतो. तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर शिंपल्याने कापलेलं कळतही नाही. असे पाय असलेल्यांनी पाण्यातले बूट घालावेत.

कोकण जवळ, मग गोवा कशाला?

सोलापूरहून रत्नागिरीला थेट राष्ट्रीय महामार्ग आहे. मग सर्फिंगसाठी विजयपूर, बेळगाव करत चारशे किलोमीटरच्या आसपासचा गोवा का गाठायचा?

याचं एक कारण समुद्राच्या तळाशी आहे. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लांब पल्ल्याच्या लाटा हिंदी महासागराच्या दक्षिण भागात तयार होतात. किनाऱ्यालगतचा उथळ तळ जितका रुंद, तितकी या लाटांची ताकद वाटेत जिरते. हा उथळ पट्टा मुंबईच्या बाजूला सगळ्यांत रुंद आहे, सुमारे तीनशे किलोमीटर. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. कोकणात शिवाय खडक आणि खाड्यांची मुखं ठिकठिकाणी आहेत, आणि सर्फिंग शिकवणारे फार थोडे.

गोव्यात ऑक्टोबर ते मे या काळात लाटा लहान आणि शांत असतात, बऱ्याच ठिकाणी खाली वाळू असते. कसलेला सर्फर अशा लाटांना नाक मुरडतो, पण शिकाऊ माणसाला त्याच हव्या असतात. उत्तरेला मांद्रे, अश्वे, हरमल या पट्ट्यात शिकवणाऱ्या संस्था आहेत. आणखी खाली जायची तयारी असेल तर कर्नाटकात मंगळुरूजवळचं मुल्की आहे. तिथे २००४ मध्ये सुरू झालेला सर्फिंगचा आश्रम भारतातल्या अगदी सुरुवातीच्या सर्फ केंद्रांपैकी मानला जातो. पूर्व किनाऱ्यावर चेन्नईजवळचं कोवलम आहे. याच किनाऱ्यावर महाबलीपुरममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक जिंकलं आणि सर्फिंग भारतातही बातमीचा विषय झालं.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, शिकाऊ माणसाने गोव्याच्या समुद्रात उतरायचा विचारही करू नये. तेव्हाचा समुद्र वेगळाच असतो.

बुकिंगआधी फोनवर काय विचारायचं?

सगळ्यांत आधी आपलं खरं वजन सांगा. इथेच लोक लाजतात. ९८ ला ८५ सांगतात आणि मग किनाऱ्यावर लहान बोर्ड हातात पडतो. शिंप्याकडे माप देताना पोट आत ओढलं की सदरा घट्ट होणारच, तसंच हे. वजन सांगितल्यावर समोरचा हसला किंवा टाळाटाळ करू लागला, तर दुसरीकडे फोन करा. विचारायचे प्रश्न हे :

- माझ्या वजनाला पुरेल असा, शंभर लिटरच्या आसपासचा किंवा मोठा फोमचा बोर्ड आहे का?
- एका प्रशिक्षकामागे किती जण असतात? पहिल्यांदा एकट्याचा वर्ग मिळेल का?
- प्रशिक्षकाकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं किंवा तशाच संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? जीव वाचवण्याचं प्रशिक्षण आहे का?
- त्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात का?
- माझ्या मापाचा रॅशगार्ड मिळेल का?

रॅशगार्ड म्हणजे पाण्यात घालायचा ताणणारा, अंगाबरोबरचा टी-शर्ट. बोर्डावर पालथं पडून पोट आणि छाती घासते, उन्हाने पाठ भाजते. दोन्हींपासून तो वाचवतो. ट्रिपल एक्सएलचे रॅशगार्ड संस्थांकडे बऱ्याचदा नसतात, म्हणून आपला घेऊन गेलेलं बरं. सुती टी-शर्ट नको, तो पाणी पिऊन जड होतो. महिलांनी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि खाली पोहण्याची लेगिंग घातली तर अंगही झाकतं आणि हालचालही मोकळी राहते. सर्फिंगला बिकिनी लागते हाही रीलनेच करून दिलेला समज आहे.

पाण्यातून बाहेर आल्यावर सर्फर डोक्यावरून जो ढगळ झगा घालतात, आतल्या आत कपडे बदलतात, तो बहुतेक वेळा टेरी टॉवेलच्या कापडाचा असतो. टेरी टॉवेलसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या माणसाने यासाठी तरी गोव्यात पैसे घालवू नयेत. दोन मोठे टॉवेल शिवून घेतले की झालं.

पहिला दिवस कसा असतो?

सुरुवात वाळूवर होते. बोर्ड वाळूत ठेवून पालथं पडणं, हात मारणं, उठणं. इथे चार-पाच वेळा उठलात तरी घाम फुटतो. त्याची लाज वाटून घेऊ नका, शेजारच्या बारीक मुलालाही फुटलेला असतो.

मग कमरेएवढं पाणी. इथे लाट आधीच फुटून फेसाळलेली असते. प्रशिक्षक बोर्ड धरतो, योग्य क्षणी ढकलतो. बोर्डाचं पुढचं टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहील असं झोपायचं. फार पुढे सरकलात तर टोक पाण्यात घुसून कोलांटी होते, फार मागे राहिलात तर बोर्ड ब्रेक लावल्यासारखा थांबतो.

पडणं ठरलेलंच आहे, म्हणून तेही शिकायचं. उथळ पाण्यात डोकं खाली करून उडी मारायची नाही. आडवं, पसरून पडायचं. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, कारण पायाला दोरीने बांधलेला बोर्ड जवळच कुठेतरी असतो. आणि बोर्ड कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरायचा नाही. लाट तो थेट अंगावर आणते.

सकाळी पोटभर खाऊन पाण्यात उतरू नका. पालथं पडल्यावर सगळं घशाशी येतं. दोन तास आधी हलका नाश्ता पुरे. शेंगाचटणी-भाकरी नंतर, पोट भरेपर्यंत.

जिवाची गोष्ट

फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. घाटावरच्या माणसाचं समुद्राशी नातं सहलीपुरतं असतं आणि तो कधी ओढून नेतो हे त्याला ओळखता येत नाही.

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात जातं. हा परतीचा प्रवाह. जिथे लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत आणि थोडं गडद दिसतं, तिथे तो असू शकतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. बोर्ड सोडू नका, त्यावर पालथे पडा, एक हात वर करून मदत मागा. बोर्ड नसेल तर तरंगत राहा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. दारू घेतली असेल तर अजिबात नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, दम थांबेना, तर "अजून एक लाट" न म्हणता बाहेर यायचं.

आणि पंधरा किलोंचं काय?

वजन कमी करायचं असेल तर ते तब्येतीसाठी जरूर करा. पण सर्फिंगला जायची ती अट नाही. उलट बहुतेक वेळा क्रम असा असतो, की एखादी गोष्ट आवडली म्हणजे माणूस तिच्यासाठी पहाटे उठतो, चालतो, पोहतो. नुसत्या काट्यावरच्या आकड्यासाठी असं उठणं फार दिवस टिकत नाही.

नवी पेठेतल्या आपल्या माणसाने उद्या फोन करायचा, ९८ हा आकडा स्पष्ट सांगायचा आणि मोठा बोर्ड मागून घ्यायचा. पोहण्याचा वर्ग आजच लावायचा. दिवाळीचं गिऱ्हाईक सरलं की दुकान चार दिवस भावावर सोपवायचं. त्याच्या वजनाहून जास्त वजनाचा माणूस पावणेदोनशे वर्षांपूर्वी लाटेवर चढत होता आणि त्याची फळी बुडाली नाही, एवढं मित्राला सांगून निघायचं.